ठेकेदार अनुसयाक्का

अनुसयाक्का पहिल्यांदा माझ्या ऑफिसात आल्या तेव्हा त्यांनी नऊवारी लुगड्यावर काळा कोट घातला होता. कोट पुरुषाचा, बाह्या दुमडून कोपरापर्यंत घेतलेल्या. आमचा शिपाई त्यांना वकिलीणबाई समजला आणि चक्क उठून उभा राहिला. माझ्यासाठी तो बिचारा कधी बिडीसुद्धा विझवत नसे. अक्कांनी मला "जय भीम" केला, टेबलासमोरची खुर्ची उचलून माझ्या शेजारी आणून ठेवली आणि ऐसपैस बसत म्हणाल्या, "समोर बसलं की मागायला आल्यागत दिसतंय. शेजारी बसलं की दोघांनी मिळून इचार केल्यागत वाटतं. व्हय का न्हाय?"

मी तेव्हा इंदापुरात शाखा अभियंता होतो. नोकरी नवी, स्कूटर जुनी आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. नव्वदीचं दशक अर्ध्यावर आलं होतं आणि नीरेचा पूर नुकताच ओसरला होता. नदीकाठच्या खालच्या वाडीत लोक वेळेवर माळावर गेले म्हणून माणसं सगळी वाचली, पण खाली उतरून बघतात तर घराच्या जागी घर नाही. मातीच्या भिंती विरघळून गेलेल्या, शाळेची एक खोली उताणी पडलेली, ऊस झोपलेला आणि निम्म्या रानातली माती धुऊन जाऊन खालचा खडक उघडा. अक्का त्याच वाडीच्या. बायकांच्या राखीव जागेवर ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या. नवरा वालचंदनगरला नोकरीला होता, तो वारल्यावर त्या गावी परत येऊन आपलं दीड एकर कसत होत्या.

"कोट कुणाचा हो अक्का?" मी विचारलं.

"पुन्याच्या कुना भल्या मानसाचा. आमची कापडं नदीनं नेली, मग मदतीची गाडी भरून आली. माझ्या वाट्याला ह्यो आला. ऊब चांगली हाय." मग एकदम माझ्याकडे वळून, "साहेब, आमची घरं मंजूर झाली म्हनत्यात. बांधनार कोन?"

"टेंडर निघेल. ज्या ठेकेदाराला मिळेल तो बांधेल."

"मानसं कुठली लावनार त्यो?"

"त्याच्या टोळ्या असतात. त्या येतात."

अक्कांनी खुर्ची आणखी जवळ ओढली. मग म्हणाल्या, "मंजी आमची घरं बांधाया परमुलखातली मानसं हितं येनार, आन् आमची मानसं दुसऱ्याची घरं बांधाया परमुलखात जानार. ह्ये ठरीवलं कुनी?"

"मी नाही ठरवलं!" मी उखडलो.

"तुमी कशाचं ठरीवताय! तुमचं वय तरी हाय का ठरवायचं?" असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. शिपाई भिंतीकडे तोंड करून हसत होता. मला राग आला, पण त्या रागाला काही अर्थ नव्हता, कारण बाई बोलत होती ते खरं होतं.

पुढच्याच दिवशी मी वाडीवर गेलो. रानात काम उरलं नव्हतं. पुढचं पीक उभं राहीपर्यंत कुणाच्या बांधावर मजुरी मिळायची नाही, हे शेंबडं पोरसुद्धा सांगत होतं. काही जण गाठोडी बांधून गेलेही होते. कुणी पुण्याला, कुणी भोसरीकडे. एक घर गेलं की त्याचा शेजारी जातो, मग शेजाऱ्याचा शेजारी. आणि एकदा पोरं शहरातल्या शाळेत घातली की तो माणूस गावी येतो तो फक्त जत्रेला. अक्कांचा मुलगा मिलिंद, चांगला बायकापोरांचा माणूस, तोही पुण्यात एका बिल्डिंगच्या कामावर जायचं ठरवून बसला होता. अक्का त्याला अडवत नव्हत्या. मला मात्र बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्याला 'जाऊ नको' कुठल्या तोंडानं म्हनू? हितं काय खायाला घालू? पन साहेब, ह्यो गेला की ही वाडी मोडली. पुरानं नुसत्या भिंती नेल्या. खरं गाव मोडंल ते आता." बोलताना त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही.

तेव्हा मी त्यांना मजूर सोसायटीचं सांगितलं. सरकारी नियम असा होता की ठरावीक रकमेपर्यंतची कामं मजुरांच्या सहकारी संस्थेला टेंडरशिवाय देता येतात. नियम सोन्यासारखा, पण त्याची पार रया गेली होती. बहुतेक सोसायट्या नावालाच मजुरांच्या. सभासदांत ठेकेदाराचे मेहुणे, साडू आणि मुनीम. त्यामुळे मजूर सोसायटी म्हटलं की वरचे साहेब आधी नाक मुरडायचे आणि मग कागद बघायचे. हे सगळं मी समजावून सांगितलं. अक्कांनी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं असावं.

"मंजी आमीच ठेकेदार?"

"तसंच म्हणा."

"मग बसलायसा काय? चला की!"

त्यानंतर अक्का रोज एसटीने इंदापूरला येऊ लागल्या. कुठल्याही टेबलावर आवाज चढवायच्या नाहीत, पण हलायच्याही नाहीत. त्यांचं म्हणणं असं की, "सरकार म्हंजी आपला जावई. त्याच्यावर रागवायचं न्हाय, त्याला नावं ठेवायची न्हाईत, पन पोरगी नांदती का न्हाय ते बघाया रोज जायचं." कारकुनाला चहा विचारायच्या, त्याच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी करायच्या, आणि चहा संपला की "आता आमचा कागूद कुठवर आला, सांगा," म्हणून शेजारी खुर्ची ओढायच्या. काही दिवसांनी कारकून त्यांना लांबून बघताच फाईल वर काढून ठेवू लागले.

गावात माणसं जमवणं त्याहून अवघड होतं. अक्कांना सोसायटीत सगळ्या आळ्यांची माणसं हवी होती. वरच्या आळीचे रामतात्या पाच एकर उसाचे धनी, साखर कारखान्याचे सभासद, गावात शब्दाला वजन. पण पाचही एकर आता खडक होते. अक्का त्यांच्या पत्र्याच्या शेडसमोर उभ्या राहिल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तात्या, घमेलं उचलायला येताय का?"

तात्यांच्या मिशा थरथरल्या. "आगं ए, मी कुनाच्या हाताखाली घमेलं उचलू? तुझ्या?"

"मग माझ्या वरचढ उचला. अडीवलंय कुनी?"

जमलेली माणसं हसली. तात्या हसले नाहीत, पण शेडमधून तात्यांच्या मंडळींचा आवाज आला, "येत्यात म्हनं, अक्का! आन् म्या बी येती!" तात्यांनी एकदा शेडकडे पाहिलं, एकदा आपल्या रानाकडे पाहिलं आणि म्हणाले, "लिही बाई नाव." तिथून पुढे माणसं आपणहून येऊ लागली.

सोसायटी झाली. आता एकच गाठ राहिली होती. पुण्याहून मोठे साहेब येऊन सभासद खरोखरच मजूर आहेत का, हे डोळ्यांनी बघणार होते. त्यांचा होकार आला तर शाळेची खोली आणि घरं वाडीची माणसं बांधणार. नकार आला तर टेंडर निघणार. पुण्याचा एक ठेकेदार जीप घेऊन जागा पाहूनसुद्धा गेला होता. मिलिंदने आईला सांगून टाकलं होतं, "साहेब न्हाय म्हनलं तर त्याच दिशी दुपारच्या गाडीनं मी निघनार."

मी निरोप धाडला, 'सगळे सभासद हजर ठेवा.' एवढाच. तो कसा अमलात येईल याची मला काय कल्पना!

साहेबांच्या जीपमधून मी वाडीवर उतरलो आणि माझे डोळे पांढरे झाले. शाळेसमोर सतरंजी, तांब्या, नारळ, हार. आणि सतरंजीमागे ओळीत उभी सगळी सोसायटी. मोठा साहेब येणार म्हणून गावाने नटायचं ठरवलं होतं. आपल्याकडे पाहुणा आला की फाटक्या अंगाने समोर जात नाहीत, ही तर रीतच. आणि घरचं लुगडं-धोतर पुरात गेलेलं, अंगावर घालायला होती ती मदतीच्या गाडीतली कापडं! तीही ठेवणीतली म्हणून त्या दिवसासाठी राखलेली. रामतात्या मोतिया रंगाच्या रेशमी झब्ब्यात. तीनचार जण सफारीत. एकाने टाय बांधला होता, सदऱ्याच्या वरून, गाठ मारून. बायका जरीच्या साड्यांत, कुणी तर थेट लग्नाच्या शालूत. केस चापूनचोपून बसवलेले, पावडर लावलेली. आणि मधोमध कोट घालून, हातात हार घेऊन, अनुसयाक्का.

साहेब जीपच्या पायरीवरच थांबले. माणूस सरळ होता. त्याआधी असल्या तपासणीत त्यांनी बरेच बोगस मजूर पाहिले होते. त्यांनी ओळ एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून बघितली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "हे मजूर? सफारीतले? मला काय दूधखुळा समजलात?"

"सर, ते..."

"हे लग्नाचं वऱ्हाड आहे! चला, गाडी वळवा."

ड्रायव्हरने गाडी सुरू केली. ओळीच्या टोकाला मिलिंद खांद्याला पिशवी लावून उभा होता. त्याने पिशवीचा पट्टा नीट केला आणि शांतपणे रस्त्याकडे चालू लागला. त्याची बायको पदर तोंडाशी धरून तिथेच खाली बसली.

अक्का जीपसमोर येऊन उभ्या राहिल्या. हार अजून हातातच.

"साहेब, राग आला व्हय? बरोबर हाय. मला बी आला आसता. पन ही कापडं आमची न्हाईत, तुमच्या पुन्याची हायती. आमची नदीनं नेली."

साहेबांनी काच खाली केली.

"तुमी येनार म्हून ह्यास्नी मीच म्हनलं, नीटनेटकं या. तुमचा मान ठेवला, त्येच चुकलं का? आता सांगा, मजूर कसा वळकायचा आस्तो? फाटक्या कापडावरनं?"

साहेबांनी ड्रायव्हरला हाताने थांबवलं. मग खाली उतरून शाळेच्या पडलेल्या खोलीकडे बोट केलं. दगड, माती, मोडकी कौलं आणि वर पुराचा गाळ, असा मोठा ढीग पडला होता. "बघू द्या मग," ते म्हणाले. "मी इथेच उभा आहे."

अक्कांनी हार माझ्या गळ्यात घातला, उगाच कुठे ठेवायचा म्हणून. कोट काढून सतरंजीवर टाकला, लुगडं खोचलं आणि आरोळी दिली, "ए, बघताय काय! लागा!"

अहो, काय सांगू! मी आयुष्यात पुष्कळ कामं बघितली, पण तसला थाट पुन्हा दिसला नाही. सफारीवाले गुडघाभर गाळात उतरले. शालूचा पदर कमरेला आवळून बायकांनी साखळी धरली आणि घमेली हातोहात फिरू लागली. टायवाल्याने टाय सोडला, गोल गुंडाळून त्याची चुंबळ केली आणि डोक्यावर ठेवून वर दगड घेतला. तात्यांच्या मंडळी पहार मारत होत्या आणि तात्या रेशमी झब्ब्यात खाली वाकून धोंडे उकरत होते. झब्बा पाठीवर टर्रकन फाटला. "फाटू दे!" अक्का ओरडल्या, "वारं तरी लागंल!" सगळी साखळी हसली, पण हात कुणाचा थांबला नाही.

मिलिंद रस्त्यापर्यंत गेला होता. तिथून त्याने वळून पाहिलं. आई चिखलात उतरली होती, आणि तिच्या मागच्या जागेवर साखळीत एक माणूस कमी पडत होता, म्हणून ती स्वतःच दोन्हीकडे धावत होती. तो पळत आला. पिशवी कुठे टाकली ते त्यालाही कळलं नसेल. आईच्या मागे उभा राहून त्याने घमेल्यासाठी हात पुढे केले. अक्कांनी त्याच्याकडे न बघताच घमेलं दिलं आणि म्हणाल्या, "उशीर केलास. अर्धा खाडा पडंल." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि गळ्यातला झेंडू नाकात गेला म्हणून मी शिंकल्याचं सोंग केलं.

साहेब बराच वेळ बघत राहिले. ढिगाखालची जमीन दिसू लागली तेव्हा त्यांनाच राहवलं नाही. "बास, बास! थांबा आता! अहो, चांगले कपडे खराब होताहेत!"

अक्का कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. तोंडभर चिखल. "होऊ द्यात, साहेब. काम मिळालं तर आमी आमच्या पैशाची घेऊ."

साहेब हसले. आधी बारीक, मग पोट धरून. त्यांनी तिथेच जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि सही केली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हार काढा आता. तुमचा काय संबंध?"

काम सुरू झालं आणि अक्कांनी पहिल्याच दिवशी एक नियम घातला: ज्याचं घर, त्याने त्या घरावर काम करायचं नाही. "का?" म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, "मानूस आपल्या भिंतीत शिमिट जास्ती वततंय. लोकाच्या भिंतीला कमी." मग तात्यांचं घर अक्कांच्या आळीने बांधायला घेतलं आणि अक्कांच्या आळीतली घरं तात्यांच्या भावकीने. याचा अर्थ त्या गावात न सांगताही सगळ्यांना कळत होता. तात्यांच्या बापाने त्या आळीत कधी पाऊल टाकलं नव्हतं; तात्या रोज सकाळी तिथे ओळंबा लावून उभे असायचे आणि दुपारी तिथल्याच डेऱ्यातलं पाणी प्यायचे. पहिल्या दिवशी पाणी पिताना ते जरा थबकले होते. अक्कांनी ते पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "तात्या, पानी त्याच नदीचं हाय. तिनं घर नेताना आळी इचारली व्हती का?" तात्यांनी तांब्या रिकामा केला आणि पुन्हा पुढे केला.

माझ्याशी त्यांचं भांडणही झालं. एका घराचा पाया मला उथळ वाटला, मी उकरायला लावला. अक्का संतापल्या, दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी नव्या पायाजवळ उभ्या राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "साहेब बरोबर व्हते. आवाज माझा मोठा व्हता म्हून माझं खरं न्हवतं." आपली चूक इतक्या मोठ्या आवाजात कबूल करणारा ठेकेदार मी त्यानंतर पाहिला नाही.

पुढच्या पावसाळ्याआधी वाडी उभी राहिली. शाळेची खोली आधी, मग घरं. गाठोडी बांधून गेलेल्यांतले बरेच जण बातमी ऐकून परत आले आणि साखळीत उभे राहिले. नीरा त्या वर्षीही भरून वाहिली, पण वाडीच्या नव्या जोत्यापर्यंत काही पोचली नाही. पावसाच्या एका दुपारी मी गेलो तर अक्का आपल्या ओट्यावर बसून नदीकडे बघत होत्या. "बघून जा म्हनावं," त्या म्हणाल्या, "आमी हितंच हाय."

वर्षभराने माझी बदली झाली. निरोप घ्यायला गेलो तर अक्कांच्या दारात एक गाडी उभी होती. तोच पुण्याचा ठेकेदार, जो पूर्वी जागा बघून गेला होता. बारामतीजवळच्या जळोचीत त्याला शाळेचं बांधकाम मिळालं होतं आणि टोळी ऐन वेळी पळाली होती. "तुमची माणसं चांगली आहेत असं ऐकतो," तो म्हणाला. "तीसेक मजूर द्या. रोज चांगला देईन."

अक्कांनी त्याला चहा दिला, खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "मजूर न्हाईत वो आमच्याकडं."

ठेकेदार गोंधळला. अंगणात तर सगळी फौज बसली होती. "मग हे कोण?"

"ह्ये समदे ठेकेदार हायती. काम द्यायचं आसंल तर बोला. मजुरी न्हाय, काम. आमच्या सोसायटीच्या नावानं."

तो हसायला लागला, मग त्याच्या लक्षात आलं की दुसरं कुणीच हसत नाही. चहा संपेपर्यंत त्याने आढेवेढे घेतले. शेवटी भिंतींचं सगळं काम सोसायटीच्या नावाने द्यायचं कबूल करून, घाम पुसत गाडीत बसला. त्याची गाडी वळणाआड जाईपर्यंत अंगण गप्प होतं, आणि मग असा काही गलका झाला की शेजारच्या वस्तीवरची माणसं काय झालं म्हणून बघायला आली.

माझं घर जळोचीचंच, आणि नव्या जागी हजर होण्याआधी मी घरी जाणार होतो. त्यामुळे माझी ट्रंक आणि मी, दोघंही सोसायटीच्या ट्रॅक्टरमधूनच निघालो. ट्रॅक्टर मिलिंद चालवत होता. ट्रॉलीत बायका, पहारी, घमेली, आणि तात्या कुणाचं तरी तान्हं मांडीवर घेऊन. बारामतीच्या रस्त्याला लागल्यावर मी अक्कांना म्हणालो, "अक्का, मला वाईट वाटतंय. माझ्याच गावात तुमचं काम, आणि ते तपासायला मी नसणार."

"नकोच तुमी," अक्का ताडकन म्हणाल्या.

मला लागलं ते. माझा चेहरा बघून त्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

"आवो, बाहेरचाच मानूस पायजे तपासाया. तुमी आमच्यातलं झालासा. घरच्या मानसाच्या सहीवर कुनी इस्वास ठेवतं व्हय?"